बंदरांची स्थित्यंतरे : भारतीय किनाऱ्याचा एक अभ्यास

बंदर हा शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे येतात ती जहाजे, त्यांच्यावर झुकलेल्या याऱ्या आणि धक्क्यावर रचलेला माल. हे बंदराचे दृश्य रूप होय. परंतु एखादे बंदर का वाढते, का खुंटते आणि कधीकधी नामशेष का होते, याचे उत्तर केवळ धक्क्यावर उभे राहून मिळत नाही. त्यासाठी एकीकडे पाण्याच्या तळाकडे आणि दुसरीकडे किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या शेतांकडे, खाणींकडे व कारखान्यांकडे पाहावे लागते. ज्या प्रदेशाचा माल एखाद्या बंदरातून बाहेर जातो आणि ज्या प्रदेशाला लागणारा माल त्या बंदरातून आत येतो, त्या प्रदेशास त्या बंदराचा पृष्ठप्रदेश असे म्हणतात. जहाजांना पुरेल इतके खोल पाणी आणि बंदराला पुरेल इतका पृष्ठप्रदेश या दोन आधारांवर बंदर उभे असते. यांपैकी एक जरी आधार बदलला, तरी बंदराला बदलावे लागते. ते जमले नाही, तर व्यापार दुसरीकडे निघून जातो.

व्यापाराला स्थलांतर करणे सोपे असते. जहाजाला आपली दिशा बदलण्यास फारसा वेळ लागत नाही. परंतु धक्के, गोद्या, वखारी, लोहमार्ग आणि त्यांच्या आधाराने वसलेली माणसे यांना जहाजामागून जाता येत नाही. म्हणून बंदराच्या प्रत्येक स्थित्यंतरात एक प्रश्न दडलेला असतो : या बदलाची किंमत कोणी द्यावयाची? भांडवल अपुरे आणि माणसे विपुल असलेल्या देशात हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. भारताच्या किनाऱ्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

विकसनशील देशांतील बंदरांच्या वाढीचा एक सर्वसाधारण क्रम १९६३ मध्ये एडवर्ड टाफ, रिचर्ड मॉरिल आणि पीटर गूल्ड या भूगोलज्ञांनी मांडला. घाना आणि नायजेरिया या दोन आफ्रिकी देशांचा अभ्यास त्यांच्या मांडणीस आधारभूत होता. प्रथम किनाऱ्यावर अनेक लहान बंदरे विखुरलेली असतात. त्यांचा परस्परांशी संबंध बेताचा असतो आणि प्रत्येकाचा पृष्ठप्रदेशही लहान असतो. पुढे काही थोड्या बंदरांपासून देशाच्या अंतर्भागात मोठे मार्ग जातात. या बंदरांची भरभराट होते आणि शेजारची बंदरे निस्तेज होतात. त्यानंतर मुख्य मार्गांना उपमार्ग फुटतात, ते एकमेकांना मिळतात आणि अखेरीस काही निवडक केंद्रांमधील वाहतुकीला सर्वांत अधिक महत्त्व येते. त्याच वर्षी जेम्स बर्ड या ब्रिटिश अभ्यासकाने आपल्या देशातील बंदरांचा विचार करून असे दाखविले, की जहाजे जसजशी मोठी होतात, तसतसे बंदर जुन्या शहरापासून दूर, नदीमुखाकडे आणि खोल पाण्याकडे सरकते. या दोन्ही मांडण्या भारताला पुष्कळ अंशी लागू पडतात. जेथे त्या लागू पडत नाहीत, तेथे बहुधा राजकारणाचा किंवा निसर्गाचा हात दिसतो.

गाळाने घेतलेली बंदरे

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील नाविक मार्गदर्शिकेत भरूच बंदराचे वर्णन आहे. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटीची ओढ एवढी जबरदस्त आणि वाळूचे उंचवटे इतके फसवे, की परकी जहाजांना आपण होऊन आत शिरणे धोक्याचे असे. म्हणून राजाच्या सेवेतील कोळी आपल्या होड्या घेऊन समुद्रात पुढे जात आणि जहाजांना वाट दाखवीत, प्रसंगी ओढीत, बंदरापर्यंत आणीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा उल्लेख भारतीय बंदरांची एक कायमची अडचण स्पष्ट करतो. मोसमी पावसाच्या देशात नद्या वर्षातील थोड्या महिन्यांत अफाट पाणी आणि त्याबरोबर अफाट माती समुद्राकडे वाहून आणतात. नदीच्या मुखाशी वसलेल्या बंदराला नदीमुळेच अंतर्भागाची वाट मिळते आणि त्याच नदीच्या गाळाने त्याचा गळाही आवळला जातो.

खंभातचे आखात गाळाने उथळ होत गेले आणि खंभातचे वैभव ओसरले. त्यानंतर पुढे आलेले सुरत हे सतराव्या शतकात मोगल साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० मधील स्वाऱ्यांमुळे त्याची संपन्नता मराठी वाचकांना परिचित आहे. परंतु त्या काळीसुद्धा मोठी जहाजे तापीतून सुरतेपर्यंत जात नसत. ती नदीच्या मुखाजवळ सुवाळी येथे नांगर टाकीत आणि तेथून माल शहरात नेला जाई. बंगालमध्ये ताम्रलिप्ती आणि त्यानंतर सातगाव ही बंदरे नद्यांनी पात्रे बदलल्यामुळे मागे पडली. निसर्ग नेहमी हिरावूनच घेतो असे मात्र नाही. केरळमध्ये १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने किनाऱ्याची रचना पालटली, असे परंपरेने मानले जाते. जुन्या मुझिरिस बंदराच्या परिसराचे महत्त्व संपले आणि कोचीची खाडी जहाजांना खुली झाली.

त्या युगातील बंदरात भांडवलाची गुंतवणूक बेताची असे. शिडाची जहाजे खोल पाण्यात उभी राहत आणि पडावांतून माल किनाऱ्यावर येई. बंदर उथळ झाले, तर व्यापारी, सराफ आणि तांडेल आपला संसार आवरून दुसऱ्या खाडीवर जात. त्यात हाल होतच असत. तथापि दगड, लोखंड आणि कर्ज यांच्या रूपाने अडकून पडलेली संपत्ती तेथे फार नव्हती. एकोणिसाव्या शतकात ही स्थिती बदलली.

आगगाडी, आगबोट आणि तीन महानगरे

१८५३ मध्ये मुंबईतील बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. या दोन घटनांमधील सोळा वर्षांत भारतीय किनाऱ्याचे भवितव्य ठरले, असे म्हणण्यास हरकत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, इंग्लंडच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासली. लोहमार्ग घाट ओलांडून कापसाच्या प्रदेशांत पोहोचले. वऱ्हाड आणि खानदेश हे प्रदेश मुंबईचा पृष्ठप्रदेश बनले. ज्या लहान बंदरांपर्यंत रूळ पोहोचला नाही, ती हळूहळू मासेमारीची आणि किनारी वाहतुकीची ठाणी होऊन राहिली. कोकणातील चौल आणि दाभोळ यांचे वैभव त्याआधीच मावळले होते. रेल्वेने त्यांना पुन्हा उठण्याची संधी दिली नाही.

आगबोटी मोठ्या आणि महाग असत. त्यांना भरती-ओहोटीची वाट पाहत उभे ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. त्यामुळे दरवाजे लावून पाण्याची पातळी राखणाऱ्या गोद्या बांधणे आवश्यक झाले. मुंबईत १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी तयार झाली. कलकत्त्यात १८७० मध्ये बंदराचा कारभार स्वतंत्र मंडळाकडे आला आणि १८९२ मध्ये खिदिरपूरची गोदी सुरू झाली.

मद्रासची कहाणी याहून निराळी आहे. तेथे ना खाडी, ना आडोसा. जहाजे उघड्या समुद्रात उभी राहत आणि काथ्याने शिवलेल्या मसुला नावाच्या होड्यांतून माणसे व माल फुटत्या लाटांमधून किनाऱ्यावर येत. लोखंडी खिळ्यांनी जोडलेली होडी त्या लाटांच्या तडाख्याने खिळखिळी झाली असती. शिवलेली होडी लवचीक असल्याने टिकत असे. १८७० नंतरच्या दशकात येथे समुद्रात दोन भिंती घालून कृत्रिम बंदर उभारण्यास प्रारंभ झाला. १८८१ च्या चक्रीवादळाने त्या भिंती उद्ध्वस्त केल्या. काम पुन्हा हाती घेण्यात आले, तेव्हा दुसरेच संकट उभे राहिले. पूर्व किनाऱ्यावरील वाळू वर्षातील बहुतेक काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. बंदराच्या भिंतीने तिची वाट अडविली. दक्षिणेस वाळू साचून मरीनाचा विस्तीर्ण पुळण तयार झाला, तर वाळूचा पुरवठा तुटल्याने उत्तरेस रोयापुरमच्या बाजूचा किनारा समुद्र गिळू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्या कारकिर्दीत बंदराचे पूर्वेकडील तोंड बंद करून ते ईशान्येकडे वळविण्यात आले आणि मग कोठे मद्रासचे बंदर स्थिरावले. किनाऱ्यावरील एका जागेचा लाभ दुसऱ्या जागेच्या हानीतून येऊ शकतो, हा धडा मद्रासने फार लवकर दिला.

अशा रीतीने लहान बंदरांची रांग मागे सरली आणि थोडी मोठी बंदरे पुढे आली. लोहमार्ग या बंदरांकडे धावत होते. अंतर्भागातील दोन गावांमध्ये माल नेण्यापेक्षा तो बंदराकडे नेणे पुष्कळदा स्वस्त पडत असे. कच्चा माल बाहेर जावा आणि पक्का माल आत यावा, या गरजेने हे जाळे विणले गेले होते. देशातील उद्योगधंद्यांचे हित पाहणाऱ्या विचारवंतांनी या दरपद्धतीवर वेळोवेळी टीका केली. पहिल्या महायुद्धानंतर कोचीन आणि विशाखापट्टणम् ही दोन बंदरे त्यात भर घालून गेली. कोचीन येथे रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने खाडीच्या मुखावरील वाळूचा कठीण बांध कापून काढला. उपसलेल्या मातीतून विलिंग्डन बेट तयार झाले आणि १९२८ मध्ये ‘पद्मा’ हे जहाज आतल्या बंदरात शिरले. विशाखापट्टणम् १९३३ मध्ये सुरू झाले आणि मध्य भारतातील मँगनीजला समुद्राची जवळची वाट मिळाली.

हुगळीशी झुंज

नदीकाठच्या बंदराची सारी सुखदुःखे कलकत्त्याच्या वाट्यास आली. हे बंदर समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत आहे. त्याच्या पाठीशी गंगेचे संपूर्ण खोरे, आसामचे चहाचे मळे, बंगालचा ताग आणि छोटा नागपूरचा कोळसा होता. याहून समृद्ध पृष्ठप्रदेश भारतातील दुसऱ्या कोणत्याही बंदरास लाभला नाही. परंतु बंदरापर्यंतची वाट वळणावळणाची आणि वाळूच्या उंबरठ्यांनी भरलेली होती. यांपैकी एका वाळवंटाला ‘जेम्स अँड मेरी’ असे नाव पडले ते १६९४ मध्ये तेथे बुडालेल्या एका जहाजावरून. नदी माहीत असलेल्या पायलटाशिवाय एकही मोठे जहाज वर जाऊ शकत नसे.

हुगळी उथळ होत आहे ही भीती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच वाटू लागली होती. म्हणून सुंदरबनच्या कडेला मातला नदीवर कॅनिंग नावाचे नवे बंदर वसविण्याचा बेत निघाला. चक्रीवादळाला ‘सायक्लोन’ हे नाव देणारे हेन्री पिडिंग्टन यांनी १८५३ मध्येच गव्हर्नर-जनरलला पत्राने इशारा दिला होता, की या जागी वादळाबरोबर समुद्राचे पाणी चढून येईल आणि वसाहत वाहून जाईल. इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले. धक्के बांधले गेले, लोहमार्गही आला. १८६७ च्या वादळाने नव्या बंदराचा नाश केला आणि कलकत्त्याचे बंदर कलकत्त्यातच राहिले.

१९४७ च्या फाळणीने या बंदरावर दुसरा आघात केला. तागाची बरीचशी शेते पूर्व पाकिस्तानात गेली आणि तागाच्या गिरण्या हुगळीच्या काठी राहिल्या; आसामकडे जाणारे नदीमार्ग परक्या देशातून जाऊ लागले. दुसरीकडे जहाजे मोठी होत होती आणि नदीतील गाळ वाढत होता. गंगेचा मुख्य प्रवाह पद्मेच्या वाटेने पूर्वेकडे वळलेला असल्याने कोरड्या ऋतूत हुगळीला वरून फारच थोडे पाणी मिळे. भरतीबरोबर वर आलेला गाळ परत समुद्राकडे लोटण्याइतका जोर त्या पाण्यात नसे. यावर उपाय म्हणून फराक्का येथे गंगेवर बंधारा बांधून ३८ किलोमीटर लांबीच्या कालव्याने ४०,००० क्युसेक पाणी भागीरथी-हुगळीत सोडण्याची योजना आखण्यात आली. १९७५ मध्ये ती कार्यान्वित झाली.

फराक्काचा हिशेब आज पाहता, तो सरळ नाही. हुगळीला गोडे पाणी मिळाले आणि कलकत्ता महानगराच्या पाणीपुरवठ्यास त्याचा लाभ झाला. परंतु नदीमार्गातील गाळ उपसण्याचे काम संपले नाही; नदीच्या खालच्या भागात तर ते अखंड चालू ठेवावे लागले. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस मालदा जिल्ह्यात नदीने काठची गावे व शेते कापून नेली. बिहारमधील पुरांची जबाबदारी फराक्काच्या गाळावर टाकून त्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी २०१६ मध्ये बंधारा हटविण्याची मागणी केली. खालच्या बाजूस बांगलादेशाशी पाणीवाटपाचा वाद उभा राहिला आणि १९९६ मध्ये दोन्ही देशांत तीस वर्षांचा करार झाला. एका बंदराची खोली राखण्यासाठी केलेल्या उपायाचे परिणाम दोन देशांतील शेतकऱ्यांपर्यंत जाऊन पोहोचले.

दरम्यान जेम्स बर्ड यांच्या मांडणीप्रमाणे बंदर समुद्राकडे सरकलेही. हुगळी आणि हल्दी या नद्यांच्या संगमाजवळ हल्दिया येथे नवी गोदी बांधण्यात आली आणि ती १९७७ मध्ये सुरू झाली. खनिज तेल आणि कोळसा तेथे गेला. खिदिरपूरच्या गोदीकडे येणारी जहाजे कमी झाली आणि स्ट्रँड रोडवरच्या अनेक जुन्या वखारी ओस पडल्या.

फाळणीनंतरचा किनारा

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताकडे मुंबई, कलकत्ता, मद्रास, कोचीन आणि विशाखापट्टणम् ही पाच मोठी बंदरे राहिली. कराची गेल्यामुळे पंजाब, राजस्थान, दिल्ली आणि उत्तर गुजरात यांचा जवळचा दरवाजा बंद झाला आणि तो सारा भार मुंबईवर पडला. कस्तुरभाई लालभाई यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४८ मध्ये कच्छच्या आखातातील कांडला या जागेची शिफारस केली. जवाहरलाल नेहरू यांनी १९५२ मध्ये तेथे कोनशिला बसविली आणि १९५५ मध्ये कांडला हे मोठे बंदर म्हणून जाहीर झाले. त्याच्याच जवळ सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी गांधीधाम वसले. गमावलेल्या बंदराची जागा नव्या बंदराने आणि गमावलेल्या घरांची जागा नव्या शहराने घ्यावी, असा हा दुहेरी प्रयत्न होता.

बंदरांची क्षमता हा त्या काळी केवळ व्यापाराचा प्रश्न नव्हता. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या अवर्षणांनंतर १९६६ या एका वर्षात देशाला सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले. हे धान्य धक्क्यावर वेळेत उतरणे आणि आगगाड्यांतून वेळेत पुढे जाणे यावर दुष्काळी जिल्ह्यांतील माणसांचा घास अवलंबून होता. नियोजनकारांनी नव्या बंदरांसाठी पैसा का बाजूला काढला, हे या पार्श्वभूमीवर समजू शकते.

ओरिसात महानदीच्या मुखाजवळ पारादीप बंदर उभारण्याचा ध्यास बिजू पटनाईक यांनी घेतला. १९६२ मध्ये पायाभरणी झाली आणि १९६६ मध्ये त्यास मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला. जपानच्या पोलाद कारखान्यांना लागणारे लोहखनिज तेथून जाऊ लागले. खाणीपासून बंदरापर्यंत प्रथम रस्ता बांधण्यात आला. कटकहून रेल्वे मागाहून पोहोचली. मद्रासप्रमाणेच येथेही सरकत्या वाळूची व्यवस्था लावावी लागली. १९७४ मध्ये नवे मंगळूर आणि तुतिकोरिन ही बंदरे मोठ्या बंदरांच्या यादीत आली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर मार्मागोवा बंदरही भारताच्या किनाऱ्याचा भाग झाले होते. आफ्रिकेच्या अभ्यासावरून काढलेल्या क्रमानुसार वाहतूक थोड्या बंदरांत एकवटावयास हवी होती. भारताने नियोजनाच्या बळावर ती निरनिराळ्या राज्यांत वाटण्याचा प्रयत्न केला. प्रादेशिक समतोल हे त्यामागील तत्त्व होते.

या धोरणात एक दुबळा दुवा राहून गेला. यांपैकी काही बंदरे मुख्यतः एकाच मालावर उभी होती. कुद्रेमुखच्या खाणी २००५ च्या अखेरीस बंद झाल्या, तेव्हा नव्या मंगळूरला आपल्या मालाची घडी नव्याने बसवावी लागली. गोव्यातील खाणकाम २०१२ मध्ये थांबले आणि मार्मागोव्याच्या वाहतुकीला एकाएकी ओहोटी लागली. खनिज वाहणारे पडाव आणि ट्रक महिनोन् महिने उभे राहिले. खोल पाणी जसेच्या तसे होते, परंतु पृष्ठप्रदेशातून माल येणे थांबले होते. बंदराला एकच आधार पुरत नाही, याचा हा पुरावा होय.

पेटीचे युग

१९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाने न्यूअर्कहून ह्यूस्टनला एका जहाजातून ५८ लोखंडी पेट्या पाठविल्या. ट्रकवरून उचललेली पेटी न उघडता जहाजावर ठेवावयाची आणि पुढच्या बंदरात पुन्हा ट्रकवर किंवा आगगाडीवर चढवावयाची, एवढीच ही कल्पना होती. कंटेनर या नावाने परिचित झालेल्या या पेटीने जगातील बंदरांचा कायापालट केला. जे जहाज रिकामे करण्यास आठवडा लागे, ते एका दिवसात रिकामे होऊ लागले. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : खोल पाणी आणि धक्क्यामागे विस्तीर्ण मोकळी जमीन. शहराच्या मध्यभागी असलेल्या जुन्या गोद्यांजवळ यांपैकी एकही नव्हती.

भारतात कंटेनर प्रथम १९७३ मध्ये कोचीन येथे उतरले. मद्रासला १९८३ मध्ये स्वतंत्र कंटेनर धक्का मिळाला. मुंबईसमोर, खाडीच्या पलीकडे न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि काही वर्षांतच देशातील कंटेनरांची सर्वाधिक वाहतूक तेथून होऊ लागली. मुंबईच्या प्रिन्सेस व व्हिक्टोरिया गोद्या कालांतराने भरून टाकण्यात आल्या. मद्रास बंदरातील कोळशाच्या धुळीविरुद्ध शहरवासीयांनी दाद मागितली. न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये तेथील कोळशाची हाताळणी थांबली आणि तो माल उत्तरेकडे, २००१ मध्ये सुरू झालेल्या एण्णोर बंदराकडे गेला.

मालकीच्या स्वरूपातही पालट झाला. गुजरातने १९९५ मध्ये स्वतंत्र बंदर धोरण जाहीर करून खाजगी भांडवलास वाट करून दिली. कच्छच्या आखातात कांडल्यापासून फार दूर नसलेल्या मुंद्रा येथे १९९८ मध्ये खाजगी बंदर सुरू झाले. खोल पाणी आणि विपुल जमीन या बळावर त्याने २०१३-१४ मध्ये १० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. १९५०-५१ मध्ये देशातील सर्व मोठ्या बंदरांतून मिळून सुमारे २ कोटी टन मालाची ने-आण झाली होती. २०२३-२४ मध्ये केंद्र सरकारच्या अखत्यारीतील मोठ्या बंदरांचा आकडा ८१ कोटी टनांवर गेला आणि राज्यांच्या अखत्यारीतील बंदरांचा वाटा देशाच्या एकूण वाहतुकीच्या निम्म्याजवळ पोहोचला. १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टांची जागा २०२१ च्या कायद्याने बंदर प्राधिकरणांनी घेतली.

तरीही एक उणीव दीर्घकाळ राहिली. जगातील सर्वांत मोठी कंटेनर जहाजे थोड्याच बंदरांत थांबतात आणि तेथून लहान जहाजांनी माल इतरत्र जातो. भारताच्या मालाची अशी अदलाबदल मुख्यतः कोलंबो आणि सिंगापूर येथे होत आली. ही स्थिती बदलण्यासाठी २०११ मध्ये कोचीनजवळ वल्लारपाडम् येथे धक्का उघडण्यात आला; परंतु तेथील जलमार्ग सतत उपसावा लागतो. केरळमध्येच विळिंजम् येथे किनाऱ्यालगत निसर्गतः खोल पाणी आहे. तेथील बंदरात जुलै २०२४ मध्ये पहिले मोठे कंटेनर जहाज लागले आणि मे २०२५ मध्ये बंदराचे औपचारिक उद्घाटन झाले.

किंमत कोणी दिली

बंदरांच्या वाढीचे वर्णन टनांच्या आकड्यांत करण्याची पद्धत आहे. त्या आकड्यांत गोदी कामगार दिसत नाही. पोती पाठीवर घेऊन धक्का चढणारा हा कामगार पूर्वी मुकादमाच्या मर्जीवर जगत असे. जहाज आले तर काम, नाही तर उपास. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि त्यानुसार पुढे प्रमुख बंदरांत कामगार मंडळे स्थापन झाली. नोंदणी, पाळीपाळीने काम आणि काम नसलेल्या दिवसाचीही काही भरपाई असे संरक्षण त्यास मिळाले. हे हक्क युनियनने दीर्घ लढ्यानंतर मिळविले होते. एका पिढीच्या आत कंटेनर आला आणि कामगारांच्या टोळीचे काम यारीवर बसलेला एक चालक करू लागला. निवृत्तीच्या योजना आल्या आणि नवी भरती थांबली. कामगाराला कायद्याने मिळालेली सुरक्षितता टिकली, पण त्याच्या मुलाला गोदीत जागा उरली नाही.

नव्या बंदरासाठी लागणारी मोकळी जमीनही खरे म्हणजे मोकळी नसते. न्हावा-शेव्याच्या परिसरात मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे होते. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी उरण तालुक्यातील शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले आणि जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. वल्लारपाडमच्या रस्ते व रेल्वे जोडणीसाठी २००८ मध्ये मूलम्पिळ्ळी आणि आसपासच्या गावांतील तीनशेहून अधिक कुटुंबे हलविण्यात आली. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कितीतरी वर्षे रेंगाळला. विळिंजम् येथे २०२२ मध्ये मच्छीमारांनी किनाऱ्याची धूप होत असल्याच्या तक्रारीवरून मोठे आंदोलन केले. पालघर जिल्ह्यात वाढवण येथील नियोजित बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, तीही किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या विरोधातच.

निसर्गाचा हिशेब याहून निराळा असतो. ९ जून १९९८ रोजी कांडल्यावर आदळलेल्या चक्रीवादळात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मिठागरांत आणि बंदराच्या आसऱ्याने राहणारे मजूर फार होते. सखल खाजण जमिनीवर, कच्च्या झोपड्यांत त्यांची वस्ती होती. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओरिसातील महाचक्रीवादळ पारादीपजवळच किनाऱ्यावर आले. धक्का वादळाला तोंड देईल असा बांधता येतो; त्या धक्क्यावर राबणाऱ्याचे घर तसे बांधले गेले नव्हते. पिडिंग्टन यांच्या इशाऱ्याला तोवर जवळजवळ दीडशे वर्षे होत आली होती.

या साऱ्या इतिहासावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पाण्याची खोली ही बंदराची कायमची मालमत्ता नव्हे. ती निसर्गाकडून मिळते, अथवा दरवर्षी पैसे मोजून विकत घ्यावी लागते. पृष्ठप्रदेशही कायमचा नसतो. एक सीमारेषा, एक नवा लोहमार्ग किंवा एक बंद पडलेली खाण तो हिरावून घेऊ शकते. म्हणून बंदर बांधताना त्याच्या पुढील स्थित्यंतराचाही विचार करावा लागतो. जुन्या गोदीतील कामगाराला नव्या कामाचे शिक्षण, जमीन देणाऱ्या गावाला बंदराच्या उत्पन्नात वाटा, कोळ्याला त्याच्या होडीसाठी राखलेला किनारा आणि मजुराला वादळात टिकणारे घर, यांचा खर्च धक्क्याच्या आणि यारीच्या खर्चाबरोबरच अंदाजपत्रकात धरला गेला पाहिजे. आजवर हा खर्च टळला असे दिसत नाही. तो होत आलाच. मात्र ज्यांची नावे बंदराच्या कोणत्याही खातेवहीत नाहीत, अशा माणसांनी तो सोसला आहे.